पाच चौकटींच्या कुंदाताई

कुठल्याही हॉटेलात किंवा दवाखान्यात भिंतीवर पाच तुकड्यांतला वाघ दिसला, की मी आधी त्याचे डोळे बघते. दोन्ही डोळे शाबूत असले तर पुढे जाते. एखादा डोळा दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत गेलेला असला, की हे काम कुंदाताईंच्या हातचं नाही एवढं कळतं आणि उगाच जीव खट्टू होतो. नागपुरात वाघांच्या चित्रांना तोटा नाही. ताडोबा आणि पेंच हाकेवर असल्यामुळे, ज्याने जंगलात जाऊन नुसती जीपची धूळ खाल्ली तोही परत येऊन हॉलमध्ये वाघ टांगतो. त्यातले बरेच वाघ ताईंनी लावून दिलेले आहेत. त्या वाघांना बघणारे ताईंना ओळखत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

नागपुरातल्या बर्डीवर, मोठ्या रस्त्यापासून आत एका बोळात आमचं प्रिंटिंगचं दुकान. कुंदाताई वासनिक तिथे डिझाइनला होत्या आणि मी छपाईच्या मशीनवर. एका फोटोचे तीन, पाच किंवा सात भाग करायचे, ते कॅनव्हासवर छापायचे, लाकडी चौकटींवर ताणायचे आणि भिंतीवर थोडं थोडं अंतर सोडून शेजारी शेजारी लावायचे, ही आमच्या दुकानाची खासियत. चौकटी वेगळ्या, पण चित्र एकच दिसलं पाहिजे. ते भाग संगणकावर पाडायचं काम ताईंचं. त्यांनी फाइल केली की ती माझ्याकडे यायची, मी छापायची. माझ्या जागेवरून मला अकरा वर्षं त्यांची पाठ दिसली. सुती साडी, पाठीवर बारीकशी वेणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि कूलरची हवा थेट लागू नये म्हणून खुर्चीवर टाकलेला हिरवा टॉवेल.

ताई आधी एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने चेहरे साफ करायच्या. लोकांचे देवीचे व्रण, मुरुम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी वर्षानुवर्षं पुसली. यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, ते लवकर गेले. एक मुलगी, प्रज्ञा, तिला कन्हानला दिलेली. ताई नागपुरातच, इंदोऱ्यात एकट्या राहायच्या आणि स्कूटीवर, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून, दुकान उघडायच्या आधी दारात हजर असायच्या. याहून जास्त त्यांनी स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "कायले लागते तुले? काम कर."

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा करून विचारलं होतं, की फोटोचे पाच सारखे तुकडे करायला एवढा वेळ कशाला लागतो. ताई उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला दाराशी नेलं. दाराला लोखंडी गजांचं सरकतं फाटक होतं आणि पलीकडे कडुलिंब.

"ह्या गजामागं झाड आहे का नाही?"

"आहे."

"दिसते का?"

"नाही."

"मंग? गज मधात आला म्हणून झाड बाजूले सरकलं का वं? फटीमागं चित्र चालूच राहते. नुसते पाच तुकडे करून दूर दूर लावले, तर झाड फाकते, माणूस जाडा होते. फटीतलं चित्र काढूनच टाका लागते. अन् काढाचंच आहे, तर आधी पाहून घे, काय चाललं ते."

म्हणजे प्रत्येक भिंतीसाठी चित्रातलं थोडंसं कायमचं गमवायचं. काय गमवलं तर चालेल, हे ठरवणं हे त्यांचं खरं काम. आकाश चालेल, गवत चालेल, झाडाचं खोड चालेल. डोळा चालणार नाही, हाताचा पंजा चालणार नाही, लहान मूल तर अजिबात नाही. शिवाय कॅनव्हास चौकटीच्या कडेवरून मागे दुमडतो, तिथेही दीड इंच चित्र लागतं. ते चेहऱ्यातून घ्यायचं नाही, कडेचंच चित्र आरशासारखं उलटं करून वाढवायचं. हे सगळं मला त्यांनी शिकवलं, आणि प्रेमाने शिकवलं असं म्हणाल तर साफ खोटं. मी चुकले की त्या जागेवरूनच हाक मारायच्या, "सुनीता, इकडे ये वं, हे काय करून ठेवलं?" गिऱ्हाईक असो, मालक असोत, सगळ्यांसमोर. पहिल्या वर्षी मी दोनदा मागच्या खोलीत जाऊन रडले. त्यांना ते माहीत होतं. तिसऱ्या वेळीही त्यांनी हाक मारलीच.

गिऱ्हाइकाला त्यांची एक अट असायची. ज्या भिंतीवर लावायचं, त्या भिंतीवर आजचा पेपर चिकटवा आणि फोटो काढून पाठवा. पेपरच्या मापावरून त्या भिंत मोजायच्या. मोजता मोजता बातम्याही वाचायच्या. "हे पाहा, मागच्या मंगळवारचा पेपर चिकटवला. यायच्या घरी पेपर कोणी वाचत नाही वाटते." एकदा एका गृहस्थांनी श्रद्धांजलीच्या जाहिरातींचं पान लावून पाठवलं, तर ताईंनी त्यांना फोन करून पान बदलायला लावलं होतं.

एका मोठ्या घरच्या बाई बुद्धाच्या चेहऱ्याचं चित्र घेऊन आल्या. त्यांना चेहरा पाचही चौकटींत विभागून हवा होता; मॉडर्न दिसतं म्हणे. ताई म्हणाल्या, "चेहरा मधल्या चौकटीत पूर्ण येईन. बाकी चौघात पिंपळाची पानं अन् उजेड घेऊ. छान दिसन."

"पण सगळीकडे चेहऱ्याचेच भाग करतात."

"तुमच्या देवघरातल्या देवाचे करता का तुम्ही पाच भाग?"

बाईंनी पर्स उचलली आणि गेल्या. आमचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणायचे, कपाळावर हात मारून बसले. "ताई, आपको क्या करना था? वॉल उनकी है."

"भिंत त्यायची आहे, भैयाजी. बुद्ध नाही. माया आजा दीक्षाभूमीवर पांढरे कपडे घालून उभा होता, तो कायले? म्या इथं बसून तुकडे कराले?"

ऑर्डर गेली ती गेलीच. त्या दुपारी ताईंनी आपल्या डब्यातली वांग्याची भाजी अर्ध्याहून जास्त मला वाढली आणि स्वतः नुसती पोळी-चटणी खाल्ली. खुशीत असल्या की त्या असंच करायच्या.

दुसऱ्या एका कुटुंबाचा आजोबांच्या वाढदिवसाचा फोटो आला होता. अकरा माणसं एकमेकांना चिकटून उभी. कुठेही फट पाडली तरी कोणीतरी कापलं जाणार. ताईंनी सगळ्यांना परत बोलावून घेतलं आणि दुकानासमोरच्या बोळात उभं करून स्वतः फोटो काढला. "तुम्ही जरा सरका. सूनबाई, तुम्ही इकडे. अजून. बस." दोन भाऊ मात्र आधीच एकमेकांपासून चांगले हातभर लांब उभे होते, आणि तोंडंही दोन दिशांना. ताई माझ्या कानात म्हणाल्या, "इथं मले काही करा लागत नाही." मला हसू आवरेना, तर त्यांनीच मला डोळे वटारले.

मग भैयाजींनी नवं सॉफ्टवेअर आणलं. फोटो टाकायचा, भाग किती ते सांगायचं, बटण दाबायचं. फटी, कडा, सगळं आपोआप. "कुंदाताई, अब ये दो मिनिट का काम है," भैयाजी म्हणाले. ताईंनी समोर होता तो लग्नाचा फोटो टाकला आणि बटण दाबलं. नवरदेवाचं नाक फटीत गेलं. "घ्या," ताई म्हणाल्या, "दोन मिनिटात बिननाकाचा जावई." सगळे हसले. भैयाजीही हसले, पण त्यानंतर अधूनमधून माझ्या मशीनपाशी येऊन हळूच विचारायला लागले, ताईंचं काम कसं चाललं आहे, वय झालं, चुका वगैरे होतात का. मी म्हणायची, एकदम बरोबर.

तोवर ते खरं होतं.

पहिली चूक मला एका दवाखान्याच्या ऑर्डरमध्ये दिसली. चितळांचा कळप, पाच चौकटी. डावीकडच्या पहिल्या फटीत एका पाडसाचं डोकं गेलं होतं. धड होतं, पाय होते, डोकं नव्हतं. मी दोनदा पाहिलं. ताईंच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. त्या तेव्हा पाठमोऱ्या बसून पुढचं काम करत होत्या आणि भैयाजी गल्ल्यावर होते. मी हाक मारली नाही. फाइल उघडली, आतलं चित्र बोटभर सरकवलं, पाडसाचं डोकं चौकटीत आणलं आणि छापलं. मला वाटलं, माणूस आहे, एखादा दिवस होतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा झालं. सूर्यफुलांच्या शेतातली मुलगी, तिचा हात गेला. मग एका शाळेच्या फोटोतले मुख्याध्यापक. मग महिन्यात दोन, मग आठवड्यात एक. प्रत्येक वेळी डाव्या बाजूला. मी प्रत्येक वेळी सरकवलं. त्यांच्या फाइली आधी तपासायच्या, मगच मशीनला लावायच्या, ही माझी सवयच होऊन गेली. ताईंचा डावीकडचा चहाचा कप सांडू लागला होता. स्टुलाला गुडघा लागायचा. स्कूटी त्यांनी बंद केली; म्हणाल्या, गर्दी फार झाली. बसने येऊ लागल्या. हे सगळं मला दिसत होतं. वयाचं असेल, असं मी मनाला सांगत होते, आणि खरं तर भैयाजींना घाबरत होते. त्यांना एक चूक मिळाली असती तर ताई त्या महिन्यात घरी बसल्या असत्या, आणि त्या खुर्चीशिवाय ताईंना दुसरं होतं काय?

एका दुपारी डबा खाताना ताई स्वतःहून म्हणाल्या, "सुनीता, मायं काम पहिल्यापेक्षा साफ होऊन राहिलं पाहाय. वर्षभरात एक सेट परत आला नाही. पहिले एखादा तरी येत होता." आणि वांग्याची भाजी माझ्या डब्यात वाढली. मी ती खाल्ली.

आठ-नऊ महिने असे गेले. मग भाचीच्या लग्नासाठी मी तीन दिवस वर्ध्याला गेले.

परत आले त्या सकाळी दुकानात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. बायको दोन महिन्यांपूर्वी गेली होती. अंबाझरीच्या तलावाकाठी बाकावर दोघं बसलेली, असा त्यांचा शेवटचा फोटो तीन चौकटींत करायला दिला होता. मी नसताना छापलेल्या त्या चौकटी भिंतीशी टेकवून ठेवल्या होत्या. म्हातारबुवा हातात पिशवी घेऊन नुसते बघत होते.

"यात ती कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ताई जागेवरूनच म्हणाल्या, "हे काय, तुमच्या बाजूले बसल्या."

बाक होता. निळ्या साडीचा पदर होता, मांडीवर ठेवलेला एक हात होता. चेहरा अर्ध्याहून जास्त फटीत गेला होता. एक कान आणि अंबाड्याचा थोडा भाग तेवढा उरला होता. ताई उठून आल्या. जवळ गेल्या. मान वाकडी करून पाहिलं. मग हात पुढे केला आणि कॅनव्हासच्या कडेवरून बोट हळूहळू वर नेलं, पदरापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून गालापर्यंत. जिथे गाल मागे दुमडला होता तिथे बोट थांबलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माफ करा मले. मी आता करून देतो."

"मूळ फोटो आहे ना? तो गेला नाही ना?" म्हातारबुवा घाबरून विचारत होते.

"आहे. पूर्ण आहे."

मग त्यांनी मला शेजारी बसवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "सुनीता, तू पाहून घे." दोघींनी मिळून ते चित्र पुन्हा केलं. भैयाजी मागे उभे होते.

पुढच्या आठवड्यात मी ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे एका यंत्रात हनुवटी ठेवून बसायचं, आणि आत बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर आल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "सगळे दिवे पाहिले मी. एकही सोडला नाही." थोड्या वेळाने डॉक्टरांनी कागद दाखवला. करड्या रंगाची दोन वर्तुळं, आणि दोन्हींत डाव्या बाजूला मोठे काळे डाग. ताईंनी चष्मा चढवून तो कागद कामाच्या नजरेने पाहिला.

"हा काळा भाग कायचा आहे?"

"तेवढं तुम्हाला दिसत नाही, आजी."

"मले तर दिसते."

"काचबिंदूत तसंच वाटतं. जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूचं घेऊन भरून काढतो. म्हणून माणसाला कळतच नाही." डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावत होते. "कामात काही चुका होत होत्या का, याआधी?"

"एकच झाली. मागच्या हप्त्यात. त्याच्याआधी वर्षभर काही नाही. हिले विचारा."

ताईंनी माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर भरवसा होता. मी होकाराची मान हलवली.

"चूक आधी लक्षात आली असती तर लवकर आला असतात," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही. आधी औषध सुरू झालं असतं तर पुष्कळ टिकली असती. आता उरली आहे ती सांभाळू." ताईंचा मेंदू जे करत होता तेच मी दुकानात करत होते, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. मी मशीन होते असं म्हणून सुटका करून घेता आली असती तर किती बरं झालं असतं. पण मी माणूस होते, मला दिसत होतं, आणि माझ्या तोंडाला कोणी कुलूप घातलं नव्हतं.

ताईंनी स्वतःच काम सोडलं. प्रज्ञा त्यांना कन्हानला घेऊन गेली. त्यांच्या खुर्चीवर आता एक मुलगी बसते आणि ते दोन मिनिटांचं बटण दाबते. हिरवा टॉवेल भैयाजींनी मागच्या खोलीत पुसायला दिला, तो मी काढून घेतला.

मला झोप लागेना. तीन महिन्यांनी एका रविवारी मी कन्हानला गेले. ताई पलंगावर बसल्या होत्या, उशाशी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या. माझा आवाज ऐकून त्यांना फार आनंद झाला. दुकानातलं सगळं विचारलं, माझ्या भाचीचंही विचारलं. प्रज्ञा चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी सांगून टाकलं.

"ताई, ती पहिली चूक नव्हती."

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला.

"बरेच महिने चुका होत होत्या. मी मशीनवर दुरुस्त करायची. तुम्हाला कळू दिलं नाही."

"कोणत्या?"

मी एकेक सांगत गेले. सूर्यफुलं. मुख्याध्यापक. ताईंना प्रत्येक चित्र आठवत होतं, कोणत्या गिऱ्हाइकाचं, भिंत केवढी, सगळं. चितळांचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "पाडसाचं डोकं चौकटीत घेतलं होतं म्या. मले दिसलं होतं." आणि मग, "काहून नाही सांगितलं?"

"भैयाजींनी तुम्हाला काढलं असतं."

"काढलं असतं तर काढलं असतं. डोळे तर राहिले असते वं."

प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुले शिकवलं तवा तुयी एक तरी चूक पोटात घातली का म्या?" ताईंचा आवाज चढला नाही. "सगळ्यायसमोर बोलली. तू मागं जाऊन रडत होती, मले माहीत होतं. तरी बोलली. कायले बोलत होती मी?"

मी रडू लागले. ताईंनी मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यावं असं काही मी केलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चहा घे. थंडा होऊन राहिला."

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. प्रज्ञाने धरू पाहिलं तर तिचा हात बाजूला केला. माझा ऑटो ताईंच्या डाव्या अंगाला उभा होता. उजवीकडे कोळशाचा एक रिकामा ट्रक होता, त्याच्या सावलीत कोणी नव्हतं. मी ऑटोत बसले आणि मागे वळून पाहिलं. ताईंनी हात वर केला होता आणि त्या हसत होत्या. खरंखुरं, पहिल्यासारखं. "ये वं पुन्हा," त्या म्हणाल्या. त्या ट्रकच्या दिशेला बघत होत्या.

गप्प बसून निघून गेले असते तर ते हसू तसंच राहिलं असतं. मला तोच मोह झाला, हे कबूल करते. ऑटोवाल्याने गाडी सुरूही केली होती. मी त्याला थांबवलं.

"ताई," मी ओरडले, "मी इकडे आहे. तुमच्या डाव्या हाताला."

त्यांनी मान वळवली. खूप वळवावी लागली, तेव्हा कुठे मी त्यांना सापडले. हात तसाच वर राहिला होता. मला नीट पाहून घेतल्यावर त्यांनी तो खाली घेतला, फाटकाची कडी चाचपून लावली आणि त्या आत गेल्या.